सगळ्यांना चालणाऱ्या गाडीच्या विक्रेत्यास

मा. विक्रेते महोदय,

स. न. वि. वि.

पत्र खुलं लिहिते आहे, कारण बंद पाकिटातलं आपण उघडणार नाही याची खात्री आहे. शिवाय बेंगळुरूत जुनी कॅम्परव्हॅन शोधत हिंडणारे आमच्यासारखे बरेच आहेत, आणि त्यांतले पुष्कळसे फिरत फिरत होसूर रोडवरच्या आपल्या पत्र्याच्या शेडपर्यंत येऊन पोचतातच. त्यांच्याही नजरेस हे पडावं.

आधी आभार मानते. आम्ही मराठी बोलतो हे कळल्यावर आपला चेहरा उजळला. आपण बेळगावचे. खुर्च्या आल्या, चहा आला, सासूबाईंच्या दिशेने पंखा वळवला गेला. “आपलीच माणसं की ओ,” म्हणालात. शहाजीराजांना १६३८ नंतर हा मुलूख जहागिरीत मिळाला, तेव्हापासून मराठी माणूस बेंगळुरूत कुणी ना कुणी आपलं शोधतोच आहे. आणि आपलं माणूस भेटलं की भाव करायला लाजतो, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार?

मग आपण विचारलंत, “बजेट किती?”

अख्ख्या दुपारभरात आपण विचारलेला हा एकमेव प्रश्न. आम्ही किती जण, कुणाचे गुडघे दुखतात, घाटात कुणाला मळमळतं, शनिवारी जाऊन रविवारी परततो की महिनाभर घर बंद करून निघतो, रात्री थांबतो कुठे, गाडी चालवणारं एक माणूस की दोन, यातलं काही म्हणजे काही नाही. आमच्या ह्यांनी स्वतःहून सांगायचा प्रयत्न केला तेव्हा आपण हात वर करून त्यांना थांबवलंत. “ही गाडी सगळ्यांना चालते ओ. बॅचलर असू दे, फॅमिली असू दे, सीनियर सिटिझन असू दे. ऑल इन वन.”

इतकी खात्री मला आमच्या लग्नातसुद्धा कुणी दिली नव्हती.

सुरुवात आपण दमदार केलीत. जाहिरातीत ‘कॅम्पर’ लिहून बोलावलंत आणि समोर उभी होती महिंद्राची बोलेरो कॅम्पर. म्हणजे पिकअप. पुढे दोन रांगांत माणसं, मागे उघडा हौदा. कंपनीने त्या पिकअपचं नावच कॅम्पर ठेवलंय, तेव्हा जाहिरात खोटी होती असं कुठल्याही कोर्टात म्हणता येणार नाही. याबद्दल आपल्या हुशारीला दाद द्यायला हवी. आयआयटी मद्रासच्या छायेत वाढलेल्या कॅम्परव्हॅन फॅक्टरी नावाच्या कंपनीशी महिंद्राने २०२२ मध्ये करार करून याच बोलेरोवर खऱ्या राहायच्या गाड्या बांधायची घोषणा केली होती, तीही आपण मोबाइलवर दाखवलीत. फक्त आपल्या हौद्यात होतं ते वाळलेलं सिमेंट. “मागं गादी टाकली की झालं.” सासूबाईंनी हौद्याकडे पाहिलं, मग आपल्याकडे पाहिलं, आणि चहाचा कप खाली ठेवला.

त्यानंतर आपण शेडच्या मागच्या बाजूला नेलंत. तिथे होती खरी नवरी. उंच छपराची टेंपो ट्रॅव्हलर, पांढरीशुभ्र. “डॉक्टरची गाडी हाय. सिंगल हँड. किलोमीटर बघा, कमी की नाही? इंजिन मर्सिडीजचं.”

मर्सिडीजबद्दल मी आपल्याला अर्धे गुण देते. बजाज टेंपोने १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आणली ती डाइम्लर-बेंझच्या टी-१ व्हॅनवरूनच, आणि त्या घराण्याचा वारसा तिच्या इंजिनात आहे. पुढे कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं तरी गाडी तशीच टिकली. शाळेच्या बस, पर्यटनाच्या गाड्या, कंपन्यांच्या पिकअपच्या गाड्या, सगळीकडे तीच असल्यामुळे चित्रदुर्गापासून चिपळूणपर्यंत कुठल्याही गावात तिचा मेकॅनिक भेटतो. राहायची गाडी करायला ही खरंच चांगली निवड आहे. आपल्या तोंडून खरं निघालं ते एवढंच, म्हणून मुद्दाम नोंदवते.

आता डॉक्टरांकडे वळू. दुपार कलली आणि ऊन बॉनेटवर तिरकं पडलं, तेव्हा रंगाखालून इंग्रजी अक्षरं वर आली. उलटी. पुढच्या गाडीच्या आरशात सुलट दिसावीत म्हणून उलटी रंगवतात, ती. छतावर पुढच्या बाजूला दिव्याचं भोक सिलिकॉनने बुजवलेलं होतं. जाहिरातीतल्या फोटोत नंबरप्लेटवर आपला अंगठा आला होता. प्रत्यक्षात अंगठा नसल्यामुळे मी नंबर एमपरिवहन ॲपवर टाकला. वाहनाचा वर्ग: ॲम्ब्युलन्स. म्हणजे डॉक्टरची गाडी हे अक्षरशः खरं! डॉक्टर मागे बसत होते एवढाच तपशील सांगायचा राहिला.

आणि किलोमीटर कमी असणारच. रुग्णवाहिका धावते थोडी आणि उभी राहते फार. इस्पितळाच्या दारात, एसी चालू ठेवून, तासन् तास. चाकं थांबली की मीटर थांबतो. इंजिन कुठे थांबतं? अशा गाडीचं वय किलोमीटरात मोजायचं नसतं. आमच्याबरोबर जे. सी. रोडवरचे एक जुने मेस्त्री आले होते, आठवत असतील. आपण त्यांना सगळ्यांत लांबची खुर्ची दिली होती. त्यांनी गाडी चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं, तर आतून धुराचा भपका आला. आपण म्हणालात, “थंडीमुळं.” बेंगळुरूची हवा थंड म्हणून सगळ्या देशात नाव आहे, पण एप्रिलातल्या दुपारीसुद्धा ती इंजिनाच्या पोटात शिरून पिस्टनच्या रिंगा झिजवते, ही माहिती मेस्त्रींना नवीन होती.

“कागद एकदम क्लिअर हायत.” हे आपलं दुसरं आवडतं वाक्य. त्यावर जरा बसून बोलू, कारण इंजिन दुरुस्त होतं, कागद होत नाहीत.

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीच्या पुस्तकात निर्मात्याने दिलेली जी वैशिष्ट्यं आहेत, त्यांच्याशी विसंगत बदल गाडीत करता येत नाहीत. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळ उच्च न्यायालयाचा निकाल फिरवून हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती झाली आणि परवानगीशिवाय बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. ‘दर बदलामागे’ हे शब्द वाचून मी आपल्या गाडीत पुन्हा एकदा डोकावले. काढून टाकलेल्या सीटा. छताला पाडलेलं भोक. त्यावरचा एसी. खिडकी बुजवून बसवलेलं बेसिन. मागे जोडलेली टाकी. बाजूला वेल्डिंग केलेली छत्री. हिशेब सासूबाईंनी बोटांवर केला आणि दुसरा हात घ्यावा लागला.

“कोण बघतंय ओ!” आपला हा प्रश्न तसा रास्त आहे. पोलीस बघेलच असं नाही. पण ज्या दिवशी शिराडी घाटात कुणी मागून येऊन धडकेल, त्या दिवशी विमा कंपनीचा माणूस बघेल. फार प्रेमाने बघेल. गाडीत केलेले बदल त्याला कळवलेलेच नसतील, तर दावा नाकारायला आयतं कारण त्याच्या हातात आपणच ठेवलेलं असेल.

गंमत अशी, की कायद्याला राहायच्या गाडीचं वावडं अजिबात नाही. बसायच्या जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची सोय असली की ती मोटर कॅरॅव्हॅन, अशी सरळ व्याख्या आहे. तिच्यासाठी एआयएस-१२४ हे वेगळं मानक आहे. वाहन नोंदणीच्या यादीत ‘मोटर कॅरॅव्हॅन’ हा वर्ग आहे, खाजगी वापराच्या ‘कॅम्पर व्हॅन’चाही आहे. ज्याच्या आरसीवर यांपैकी काही छापलेलं आहे, त्याच्या गाडीतल्या सनमायक्याचे दोन ठिकाणी टवके उडालेले असले तरी मी त्याच्याशी आधी बोलेन. आपल्याकडच्या एकाही गाडीच्या आरसीवर ते नव्हतं. एक रुग्णवाहिका, एक पिवळ्या पाटीची प्रवासी गाडी, आणि एक दिल्लीची. पिवळ्या पाटीवर पांढरा रंग मारला म्हणजे ती व्हाइट बोर्ड होत नाही, हे आपल्याला माहीत आहे हे मला माहीत आहे. वाणिज्य वाहनाला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी फिटनेस काढावं लागतं. त्या दिवशी आतला सोफा, फ्रिज आणि बेसिन घेऊन आरटीओपुढे कसं उभं राहायचं, तेवढं आपण सांगायचं विसरलात. दिल्लीच्या गाडीची स्वस्ताई तर जगजाहीर. दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना तिथे दारं बंद झाली तशा त्या दक्षिणेचा रस्ता धरू लागल्या. एनओसी, इथली नव्याने नोंदणी आणि कर्नाटकचा रस्ता-कर जोडला की स्वस्ताईचं काय उरतं, ते ज्याने त्याने कागदावर मांडून पाहावं.

बरं, कागद बाजूला ठेवू. आपल्याला आतली सजावट दाखवायची घाई होती, आणि ती खरोखरच पाहण्यासारखी आहे.

दार उघडलं की समोर स्वयंपाकघर. मॉड्युलर. दोन बर्नरची शेगडी, वर चिमणी, काचेच्या बरण्यांची फळी, मसाल्यांचा खण, आणि सगळ्यावर पिवळ्या दिव्यांची माळ. निम्मी गाडी त्यातच संपली होती. महोदय, आपण कर्नाटकात राहता. इथे सकाळी सहाला कुठल्याही तालुक्याच्या गावी वाफाळती इडली मिळते. मैसूर रोडला लागलं की बिडदीची तट्टे इडली, पुढे मद्दूरचा वडा, वर गेलं तर दावणगेरेचा लोण्याचा डोसा. हे सगळं ओलांडून, गाडी रस्त्याकडेला लावून, चिमणी चालू करून फोडणी कोण देणार? आम्हाला लागतो चहा, आणि सासूबाईंच्या एकादशीला साबुदाण्याची खिचडी, कारण ती मात्र या राज्यात हायवेवर मिळत नाही. त्याला एक छोटी शेगडी पुरते. जे लोक लडाखला जाऊन पंधरा पंधरा दिवस एका नदीकाठी थांबतात, त्यांना आपलं स्वयंपाकघर सोन्याच्या मोलाचं असेल. त्यांना विका. आम्ही तसे फिरत नाही, हे एका वाक्यात सांगून झालं असतं. आपण ते वाक्य बोलू दिलं नाहीत.

गॅसचं सिलिंडर कुठे, असं विचारल्यावर आपण पलंगाखालचं दार उघडलंत. घरगुती, १४.२ किलोचं, आडवं. आडवं! खालच्या बाजूला हवेला वाट नाही. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर चिमणीकडे जात नाही, जमिनीलगत साचतो, आणि त्याच्या वर आपण आमच्या झोपायची सोय केली होती.

संडासाबद्दल विचारलं, तेव्हा आपण जरा लाजलात. “ते ऑप्शनल हाय मॅडम. जागा जाते.” चिमणीला जागा आहे, दिव्यांच्या माळेला आहे, मागच्या दारावर आपण ज्याचा अभिमानाने उल्लेख केलात त्या ‘मिनी बार’ला आहे. सत्तरी ओलांडलेल्या बाईला रात्री दोन वाजता लागेल त्या गोष्टीला नाही. ही गाडी ज्याने कुणी आखली, त्याच्या घरी बायका नसाव्यात, किंवा त्या घरीच ठेवलेल्या असाव्यात. हव्या असलेल्यांना आपण एक पोर्टेबल संडास बसवून देता, असंही कळलं. तो भरल्यावर रिकामा कुठे करायचा? “सुनसान जागा बघून.” म्हणजे आपल्या स्वच्छतेची व्यवस्था दुसऱ्या कुणाच्या तरी शेतात. आपल्या देशात अशा टाक्या रिकाम्या करायच्या सोयी जवळपास नाहीतच, हे मान्य. म्हणून तर घेणाऱ्याने आधीच ठरवावं लागतं की मुक्काम जिथे चांगलं स्वच्छतागृह आहे तिथेच करायचा, का गाडीतला संडास घरी आणून घरच्या संडासात रिकामा करण्याची तयारी ठेवायची. आम्ही पहिल्या जातीतले. आमची मुलगी म्हणते ती दुसऱ्या जातीत जायला तयार आहे, पण रिकामा करायची पाळी तिची येईपर्यंत.

आणि मग सासूबाईंनी तो प्रश्न विचारला. आपण पलंग ओढून दाखवत होतात; सोफा पुढे सरकतो, टेबल खाली बसतं, आणि भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी होते. चार जण आरामात. त्या म्हणाल्या, “रात्री उठायचं झालं तर मी कुणाला ओलांडून जायचं?”

आपण हसलात. सगळे हसले. पण नंतर मी जितक्या गाड्या पाहिल्या, तितक्यांत शिरल्याबरोबर हाच प्रश्न विचारला, आणि त्यांतल्या निम्म्या तिथेच बाद झाल्या. जोडप्याला भिंतीपासून भिंतीपर्यंत गादी चालते. तीन पिढ्यांना चालत नाही. त्यांना मधून वाट लागते, नाहीतर दोन वेगळे पलंग. एकट्या माणसाला पलंग कायमचा मांडलेला बरा, रोज रात्री टेबल मोडायचा कंटाळा येतो. दिवसा पाऊस लागला आणि मुलं बरोबर असली तर मात्र टेबल हवंच. मी पर्समधून शिंप्याची टेप काढली तेव्हा आपण नाराज झालात. पलंग आडवा, पाच फूट चार इंच. आमचे हे पाच फूट दहा. “पाय थोडे मुडपून झोपायचं की,” असं आपण त्यांना समजावलंत. सहा इंच माणूस कुठे ठेवायचा, ही अडचण आपल्या हिशेबी किरकोळच.

झोपणारे चार, पण बसून प्रवास करणारे किती? हे दोन आकडे वेगळे असतात, आणि जुनी गाडी घेताना गल्लत इथेच होते. आपल्या गाडीत पुढे ड्रायव्हर आणि शेजारी एक. बाकी सगळे बाजूच्या सोफ्यावर आडवे, बेल्टशिवाय. आगुंबेच्या वळणांवर आडवं बसलेल्या माणसाच्या पोटात काय होतं ते सोडा. ब्रेक लागल्यावर तो माणूस, मसाल्यांचा खण आणि काचेच्या बरण्या एकाच दिशेने निघतात, याचा तरी विचार करायचा. ज्याला कुटुंब घेऊन एनएच-४८ ने पुण्याला, कोकणात जायचं आहे, त्याने समोर तोंड असलेल्या, बेल्टच्या सीटा आधी मोजाव्यात आणि गाद्या मागाहून.

छतावरच्या एसीचं कौतुक आपण सर्वांत शेवटी राखून ठेवलं होतंत. “रात्रभर चालतो, बॅटरीवर.” खाली घरच्या इन्व्हर्टरची १२ व्होल्टची, १५० ॲम्पियर-अवरची एक बॅटरी. गुणाकार शाळेतला आहे: १,८०० वॉट-तास. शिशाच्या बॅटरीतून निम्म्याहून जास्त ओढू नये, म्हणजे उरले ९००. एक टनाचा एसी तासाला हजाराच्या आसपास खातो. तासभरसुद्धा भरत नाही. आपली रात्र इतकी छोटी असेल, तर आपण सुखी आहात.

हे मेस्त्रींनी सांगितल्यावर आपण न डगमगता म्हणालात, “मग खाली छोटा जनरेटर बसवून देतो.” इथे मला थट्टा करवत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅरॅव्हॅनमध्ये दोन माणसं मेलेली सापडली. जनरेटरमधला कार्बन मोनॉक्साइड आत शिरला होता, असं तपासात निघालं. या वायूला वास नाही, रंग नाही. झोपेतला माणूस झोपेतच राहतो. गाडीच्या तळाला आपण वायरींसाठी जी भोकं पाडून उघडी ठेवली आहेत, ती आजच बुजवा, आणि जनरेटरची गोष्ट पुन्हा कुणाही गिऱ्हाइकापुढे काढू नका. ही विनंती आहे; या पत्रातली एवढीच विनाउपरोधाची ओळ समजा.

शिवाय एसी हवा कुणाला? समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवर राहणारी आम्ही माणसं, सकलेशपूर, चिकमगळूरला निघणार. तिथे रात्री पांघरूण लागतं. मे महिन्यात गोकर्णला गाडीत झोपायचा हट्ट ज्याचा असेल त्याची गोष्ट निराळी. एसी काढला की गाडी खालीही येते. एरवी अडीच मीटरच्या वर असलेली ट्रॅव्हलर त्या खोक्यासकट आमच्या बिल्डिंगच्या तळघरात शिरायची तर आधी तळघराचं छत उचलावं लागेल. मल्लेश्वरमच्या गल्लीत ती रात्रभर रस्त्यावर लावायची, तर शेजारच्यांशी संबंध कसे राहतील ते सांगायला नको. मागे टांगलेली २०० लिटरची टाकी म्हणजे मागच्या चाकांच्याही मागे लोंबणारं २०० किलो वजन, आणि त्या भाराने काहीशी हलकी झालेली पुढची चाकं. पण वजन हा शब्दच आपल्या शेडमध्ये कुणी ऐकलेला नसावा. प्लायवूडही अठरा मिलिमीटरचं वापरलंय. मजबूत आहे, दुमत नाही.

आपल्या शेडमधल्या टाटा विंगरबद्दल थोडक्यात. गाडी छान, बसकी, चढायला उतरायला सोपी, म्हणून सासूबाईंना ती पाहताक्षणी आवडली होती. पण आत मोगऱ्याच्या अत्तराचा एवढा दरवळ होता की मेस्त्रींनी आधी सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिला. आतल्या टोकाला चिखलाची रेघ. सप्टेंबर २०२२ मध्ये बेळ्ळंदूर, यमलूर, सर्जापूर रोड पाण्याखाली गेले, तेव्हा कोट्यधीशांच्या बेंटली बुडाल्याचे फोटो सगळ्या देशाने पाहिले. विंगरचे फोटो कोण काढणार! मालकाने गाडी कुठे उभी केली होती, असं विचारल्यावर आपण म्हणालात, “गावाकडं.” असेल. तिथेही तळं असेल.

आता ती गाडी, जी आपण दाखवलीच नाहीत. शेडच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली एक मारुती ओम्नी होती. २०१९ मध्ये बंद झाली ती, ७९६ सीसीची. मीच ताडपत्री उचलली. मागची सीट काढून कुणीतरी नीट फळी बसवली होती, खाली दोन खण, खिडक्यांना जाळ्या. कुठे भोक नाही, वेल्डिंग नाही; फळी चार बोल्ट काढले की बाहेर येते. पुढच्या सीटखाली इंजिन, म्हणजे बसणाऱ्याला शेक; अपघातात पुढे संरक्षण जवळपास नाही; हायवेवर मागून ट्रक आला की जीव मुठीत. हे सगळं खरं. पण नंदी हिल्सला पहाटे पोचून धुकं बघणारं, रात्री अकराला निघायचा कंटाळा नसलेलं, एखादं एकटं कॉलेजातलं पोर असतं ना, त्याला ही गाडी शहाणी आहे. तळघरात मावते, कुठेही दुरुस्त होते, आणि फळी काढून सीट परत लावली की आरसीवर लिहिलंय तेच आत. “ती नको ओ, ती स्वस्तातली,” म्हणालात. आपल्या शेडमधली एकमेव प्रामाणिक गाडी आपण ताडपत्रीखाली झाकून ठेवली होती, कारण तिच्यात आपल्याला सुटत काही नाही.

राहता राहिला आपल्या भिंतीवरचा तो मोठा फोटो. गाडीचं मागचं दार उघडं, पलंगावर कॉफीचा मग, समोर धुक्यात जंगल आणि एक हत्ती. “बंडीपूरला असं झोपता येतं.” बंडीपुरातून जाणारा रस्ता २००९ पासून रात्री नऊ ते सकाळी सहा खाजगी गाड्यांना बंद आहे, दिवसासुद्धा तिथे थांबायला मनाई आहे. उटीचं म्हणाल तर मे २०२४ पासून ई-पास काढावा लागतो. गोव्यात समुद्रकिनारी उघड्यावर चूल मांडली तर दंड आहे. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाची धोरणं आणली, केरळात वागमणला त्यांच्यासाठी तळही उभा राहिला. पण ज्यांना गाडीत राहून खरोखर फिरायचंय, त्यांची रात्र अजूनही बहुतेक पेट्रोलपंपाच्या आवारात, ओळखीच्या ढाब्यावर, नाहीतर देवस्थानाच्या वाहनतळावर जाते. धर्मस्थळ, शृंगेरी, होरनाडू: दिवा आहे, पाणी आहे, संडास आहे, वर प्रसादाचं जेवण आहे. आमच्या सासूबाईंना मुक्काम म्हणजे हाच माहीत. त्यांना चन्नगिरी तालुक्यात होदिगेरेला शहाजीराजांच्या समाधीवर फूल वाहायचंय, येताना शृंगेरी करायचंय, आणि दर दोन तासांनी पाय मोकळे करायचेत. त्यांची फिरण्याची तऱ्हा एवढी स्पष्ट आहे की तीवरून गाडी आखता येईल. आपण विचारायला हवं होतं.

तूर्त आम्ही गाडी विकत घेत नाही आहोत. याच शहरात तयार कॅरॅव्हॅन चालकासकट भाड्याने मिळते, तीतून एकदा होदिगेरे करून येऊ. कोण कुणाला ओलांडतं, खिचडी खरंच होते का, आमचे हे तिसऱ्या रात्रीही उत्साही असतात का, हे त्यात कळेल, आणि मग टेप घेऊन पुन्हा बाहेर पडू.

आपले फोन मात्र येतच आहेत. काल आपण किंमत आणखी उतरवलीत आणि मिनी बार फुकट देऊ केलात. आपल्या चिकाटीला नमस्कार. यापुढे फोन करण्याआधी कृपया चारच गोष्टी पाठवाव्यात: आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो, अंगठा न लावता. चालू विम्याची प्रत, बदलांच्या नोंदीसह. काट्यावर केलेलं गाडीचं वजन, टाकी भरून. आणि मागचा पलंग किती लांब आहे, ते इंचात.

कळावे,

आपली,
टेप घेऊन आलेल्या बाई
मल्लेश्वरम, बेंगळुरू

ता. क. मेस्त्री विचारत होते, ती ओम्नी अजून आहे का. त्यांच्या भाच्याला हवी आहे. तो एकटाच फिरतो.